बसवा कुणाचा

अंगदनं विचारलं आणि मन्मथप्पांच्या तोंडून उत्तर निघून गेलं. विचार करायला वेळच मिळाला नाही. बाजाराचा दिवस, दुकानाच्या फळ्या नुकत्याच काढलेल्या, उंबऱ्यापाशी बसवा नेहमीसारखा येऊन उभा आणि अप्पांच्या हातात गुळाचा खडा. नगरपंचायतीचा अंगद जनावराच्या कानात बिल्ला मारायची पक्कड घेऊन आला, बसव्याच्या पाठीवर त्यानं हात ठेवला आणि म्हणाला, "अप्पा, ह्यो कुणाचा?" अप्पा म्हणाले, "कुणाचा न्हाई. देवाचा." इतकी वर्षं ते हेच सांगत आले होते. परगावचं गिऱ्हाईक विचारायचं, बँकेत बदलून आलेला साहेब विचारायचा, एवढा देखणा वळू मोकळा कसा म्हणून लोकांना नवल वाटायचं आणि अप्पा मोठ्या कौतुकानं हे उत्तर द्यायचे. अंगदनं मात्र पक्कड खाली घेतली. त्यानं अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं, अजून काही बोलतात का म्हणून थोडा थांबला, मग पिशवीतून रंगाचा फवारा काढून बसव्याच्या मागच्या फऱ्यावर निळा पट्टा ओढला. धनी सांगितला तर कानात पिवळा बिल्ला, धनी नाही म्हटलं तर निळा पट्टा. बाजार उठला की गाडी येणार आणि निळ्या पट्ट्याची जनावरं दोन तालुके ओलांडून पलीकडच्या निवाऱ्यात जाणार. हे अप्पांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अख्ख्या गावात हा नियम कोणाला तोंडपाठ असेल तर तो त्यांनाच, कारण तो व्हावा म्हणून चपला झिजवल्या होत्या त्या त्यांनीच.

बसव्यानं गूळ खाल्ला, हात चाटून घेतला आणि निळा पट्टा मिरवत तो भाजीच्या पालांकडे निघाला. अंगद काही वाईट माणूस नव्हता. जाता जाता दोनदा मागं वळला. "संध्याकाळपस्तोर मी हितंच हाय, अप्पा," म्हणाला, "एक शबूद बोलला तरी बास. निळ्यावर पिवळा मारता येतो." अप्पांनी मान हलवली आणि गल्ल्यावर जाऊन बसले. दुकान बैलांच्या साजाचं. कासरे, दावी, म्होरक्या, वेसणी, घागरमाळा, पोळ्याचे गोंडे. बैल कमी होत गेले तशी निम्मी जागा ताडपत्र्यांनी आणि फवारणीच्या नळ्यांनी घेतली होती, तरी दोराचा वास अजून होता. नव्या अंबाडीच्या दोराचा तो कोरडा, घशात बसणारा वास अप्पांना लहानपणापासून आवडायचा. आज तो नकोसा झाला. एक बाई दावं मागत होती, लांबी सांगत होती, अप्पा मापतही होते. पण कानात आपलंच वाक्य फिरत होतं. कुणाचा न्हाई, देवाचा. हे वाक्य आपलं नाही. हे आपण कोणाच्या तरी तोंडून ऐकलंय, आणि ऐकून आपल्याला काहीतरी झालं होतं. काय झालं होतं? बाईनं दावं ओढून बघितलं, हसून म्हणाली, "अप्पा, ध्यान कुटं हाय?" ध्यान कुठं आहे ते अप्पांना त्याच क्षणी कळलं, आणि हातातला दोर त्यांनी इंगळ हातात आल्यासारखा खाली टाकला.

पोळा तोंडावर आला होता तेव्हा. त्यांचा मुलगा विश्वेश्वर आष्टीच्या बाजारातून घागरमाळांचं गाठोडं मोटरसायकलला बांधून निघाला होता. एकुलता एक, लग्नाची बोलणी चाललेली, मुलगी बघून आल्यापासून आरशासमोर जरा जास्तच वेळ घालवायला लागलेला. अप्पा त्याला त्यावरून चिडवायचे. दिवेलागणीला एका वळणावर डांबरावर एक काळं जर्सी गोऱ्हं बसलेलं होतं. पावसाळ्यात जनावरं डांबरावरच बसतात. खाली चिखल नाही, चिलटं कमी, पोटाला दिवसभराची ऊब. जर्सी गायीला गोऱ्हं झालं की ते घरात कोणालाच नको असतं. दूध नाही, वशिंड नाही म्हणून औताला खांदा देत नाही, विकायची सोय राहिलेली नाही. मग कोणीतरी अंधाराचा फायदा घेऊन त्याला दुसऱ्याच्या शिवारात नेतं, दावं कापतं आणि पाठ फिरवतं. काळ्या डांबरावर काळं जनावर. विशूला ते दिसलं असेल तर अगदी शेवटी दिसलं असेल. दोघंही गेले. सरकारी दवाखान्यात चादरीचं टोक उचलून तिथल्या माणसानं विचारलं, "कुणाचा?" आणि अप्पा म्हणाले, "माझा." दुसरं काय म्हणणार? तो शब्द उच्चारताना तोंडात लोखंडाची चव आली होती, आणि पुढं कितीतरी दिवस पाणी पितानासुद्धा ती येत राहिली.

माती देऊन झाल्यावर अप्पा एकटेच त्या वळणावर गेले होते. गोऱ्हं तसंच खड्ड्यात पडलेलं. फुगलेलं, कुत्र्यांनी एका बाजूनं ओढलेलं. त्यालाही कोणी माती दिली नव्हती. गळ्यात कापलेल्या दाव्याचा तुकडा होता, हिरव्या-पांढऱ्या नायलॉनचा. पीळ अप्पांनी ओळखला, दावं त्यांच्याच दुकानचं; पण त्या भागात दावं घेणारा प्रत्येक माणूस त्यांच्याच दुकानात यायचा, तेव्हा त्यावरून काय ठरणार? वस्ती-वस्तीवर ते फिरले. लोक ओळखीचे, गिऱ्हाईकच सगळे. बाज टाकायचे, चहा ठेवायचे, हात जोडायचे. अप्पा म्हणायचे, "भांडायला न्हाई आलो. भरपाई मागायला बी न्हाई आलो. ते गोऱ्हं कुणाचं हुतं, येवढंच सांगा." कोणाचंच नव्हतं. तिकडून आलं असेल, पलीकडच्या वस्तीवरचं असेल. शेवटच्या वस्तीवर अजिनाथ नावाचा म्हातारा बाजेवर बसून होता. तो आभाळाकडे हात करून म्हणाला, "कुणाचं न्हाई, अप्पा. देवाचं आसंल. लोक सोडतात की देवाला." तेव्हा अप्पांना झालं होतं ते हे. आयुष्यात कोणावर हात न उचललेला हा माणूस, त्या म्हाताऱ्याचा गळा धरावा असं त्याला वाटलं होतं. चहाचा कप तसाच ठेवून ते उठले. कोणी एकानं जरी म्हटलं असतं की अप्पा, माझं होतं, माझ्या हातून झालं, तर ते त्याच्या गळ्यात पडून रडले असते आणि सगळं तिथंच मिटलं असतं. तसं कोणी म्हटलं नाही, म्हणून ते मिटलं नाही.

दुपारची उन्हं दुकानाच्या पायरीवर आली. बसवा समोरच्या लिंबाखाली बसून रवंथ करत होता. येणारी-जाणारी माणसं त्याच्या कपाळाला हात लावून तो आपल्या छातीला लावत होती. निळा पट्टा कोणाच्या लक्षात येत नव्हता, किंवा येऊनही कोणाला त्याचा अर्थ लागत नव्हता. इतक्या वर्षांत अप्पांना एकदासुद्धा सुचलं नव्हतं की अजिनाथ म्हाताऱ्याचं वाक्य त्याच महिन्यात आपण उचललं आणि आपल्या तोंडात ठेवलं. आपला बसवा आणि ते गोऱ्हं एकाच ओळीत उभे करता येतात, हेच मुळी त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. ते टाकलेलं आणि हा देवाला दिलेला. ते दावं कापून आणि हा पाणी सोडून. अप्पांनी स्वतःशीच पुन्हा पुन्हा हे म्हणून पाहिलं. सकाळपर्यंत यात केवढं अंतर होतं! आता म्हणताना ते अंतर हातात राहीना.

विशू गेला त्या दिवशी जंगमस्वामींनी सगळ्यांना बजावलं होतं, रडू नका. पोरगं लिंगैक्य झालंय, शिवाकडं गेलंय, आपल्यात रडून वाट अडवायची नसते. भजन म्हणत नेलं त्याला आणि मातीत बसवलं. अप्पांच्या बायकोनं, शिवकांतानं, पदराचा बोळा तोंडात धरला तो धरलाच. ती रडली नाही. पुढं जेवेनाशी झाली, बोलेनाशी झाली, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, आणि अप्पांना वाटायला लागलं की आता हीपण जाते. तेव्हा स्वामीच म्हणाले, त्याच्या नावानं एक खोंड सोडा शिवाला. लाल कंधारी खोंड आणला, अंगावर मखमल पांघरल्यासारखा. देवळापुढं उभा केला. बेलाचं पान ओंजळीत ठेवून अप्पांनी आणि शिवकांतानं पाणी सोडलं आणि स्वामींनी सांगितलं, "आता ह्याच्यावर तुमचा हक्क न्हाई. बांधायचा न्हाई, राबवायचा न्हाई, माझा म्हणायचा न्हाई. एकदा जरी माझा म्हणलात तर दिलेलं समदं परत आलं समजा." खोंडाच्या मांडीवर लिंगाची खूण उठवायला लोखंड तापवून ठेवलं होतं. शिवकांता मध्ये आडवी झाली, लोखंड लावू देईना. या ओढाताणीत खोंडानं मान वळवली आणि तिच्या पदरात नाक खुपसलं. ती म्हणाली, "भूक लागली व्हय रे?" इतक्या दिवसांत तिच्या तोंडातून आलेला तो पहिला शब्द. त्या रात्री ती जेवली. नवरा-बायको याविषयी कधी एका अक्षरानं बोलले नाहीत, पण तिला त्याच्यात कोण दिसतं ते दोघांनाही ठाऊक होतं. रोज दुपारी बसवा मागच्या दारी यायचा. शिवकांता डोक्यावर पदर घेऊन त्याला हातानं भाकरी चारायची आणि घरातलं सगळं सांगायची. नळाला पाणी आलं नाही, भाचीला मुलगी झाली, अप्पांचे गुडघे दुखतात. अप्पा दुकानात बसून ऐकायचे. बरं वाटायचं त्यांना. खरं सांगायचं तर एवढ्यावरच त्यांचा संसार उभा होता.

आणि तरी ते कायद्याच्या मागं लागले. का लागले हे शिवकांताला कधी कळलं नाही. राज्यानं जनावरांच्या संरक्षणाचा कायदा नव्यानं करायचं काढलंय आणि लोकांकडून सूचना मागवल्यात, असं त्यांनी पेपरात वाचलं, दुकान शेजाऱ्यावर टाकलं आणि सरळ बीड गाठलं. तिथं राजनंदिनी नावाची तरुण वकील मुलगी भेटली. मोठ्या बागायतदाराची लेक, बोलायला फटकळ, पण कामाला वाघीण. तिनं त्यांचं म्हणणं कायद्याच्या भाषेत बसवून दिलं. मग अप्पा तलवाड्याच्या बाजारात फिरले, नारायणगडाच्या यात्रेत पाल ठोकून बसले, येईल त्याची सही घेतली. लोक टिंगल करायचे. "अप्पा, माणसाला कुणी इचारीना आन् तुमी जनावराचं काय घिऊन बसलाव?" अप्पा हसायचे आणि पेन पुढं करायचे. सुनावणीला विभागाच्या ठिकाणी गेले तर तिथं सगळी शहरातली मंडळी. कुत्र्या-मांजरांसाठी झटणाऱ्या बाया, पक्षीवाले, तुरुतुरु इंग्रजी बोलणारी पोरं. त्यात हे टोपी सावरत उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, जनावर सोडणाराला फाशी दिऊ नका. तुरुंगात बी घालू नका. त्याला फकस्त म्हणायला लावा, की हे माझं हाय म्हणून. तेवढं म्हणायला लावणारा कायदा करा."  एका बाईनं डोळे पुसले. प्रत्येक जनावराला धनी असावा आणि सोडणाऱ्यानं ते कबूल करावं, हे कलम जवळजवळ त्यांच्या शब्दांत आलं, तेव्हा राजनंदिनीनं पेढे पाठवले होते. अप्पांनी पेढा विशूच्या फोटोपुढं ठेवला.

पण पेढ्याच्या आधीची एक गोष्ट होती आणि तीच आता पायरीवरच्या उन्हाबरोबर हळूहळू आत सरकत होती. मसुदा पक्का करताना राजनंदिनी म्हणाली होती, "अप्पा, देवाला सोडलेल्या वळूंचं काय करायचं? एक अपवाद घालू या का? पुढं तुम्हालाच त्रास होईल." अप्पा म्हणाले, "कावून घालायचा? उद्या समदेच म्हणतील देवाला सोडलंय. कपाळाला कुंकू लावलं आन् देवळाच्या दारात नेऊन सोडलं, की झालं. गडाच्या पायथ्याला सोडलेली जनावरं बघितली न्हाईत का तुमी?" ती म्हणाली, "आणि तुमचा बसवा?" तेव्हा अप्पा खरोखर हसले होते. म्हणाले, "पोरी, त्याला कोण इचारायलंय! त्यो देवाचाच हाय." एवढा शहाणासुरता माणूस, कलम न् कलम वाचून घेतलेला, पण सरकारचा माणूस पक्कड घेऊन आला तरी देवाच्या जनावरापाशी येऊन थबकेल आणि हात जोडून पुढं जाईल, हे त्यानं मनाशी धरूनच टाकलं होतं. भाबडेपणा म्हणावा तर तसं नाही, आणि लबाडी तर नाहीच नाही. दुसऱ्यांचं देवाला सोडणं त्यांना स्पष्ट दिसत होतं. स्वतःचं दिसायला अंगदला यावं लागलं.

जेवायला आत गेले तेव्हा शिवकांता मागच्या दारातून परत येत होती. हातातली परात रिकामी होती. तिनं पट्टा बघितला होता. "कुणी रंग लावला वो त्याला?" तिनं विचारलं आणि अप्पांनी सगळं सांगितलं. सांगताना घास हातात तसाच राहिला. ऐकून घेऊन ती चुलीपाशी जाऊन बसली. अप्पांना वाटलं, आता ही म्हणेल, मग जा की, सांगा आपला हाय म्हणून. ती तसं म्हणेल अशी त्यांची आशाच होती. म्हणजे मग ओझं निम्मं झालं असतं. ती म्हणाली, "नेऊ द्या."

"आगं, दोन तालुके लांब हाय ते. शेकड्यानं जनावरं हायत तितं. आपल्याला दिसणार बी न्हाई त्यो परत."

"न्हाई दिसला तर न्हाई दिसला. तितं बी त्यो देवाचाच ऱ्हाईल. कुटं का आसंना, हाय म्हणून मी भाकरी खाईन. पर आपला म्हणलात तर संपलं." ती अप्पांकडे वळली. एवढी सरळ नजर तिनं कित्येक वर्षांत त्यांच्याकडे टाकली नव्हती. "दिलेलं परत मागू नका. तुमच्या पाया पडते मी."

ती खरंच पाया पडायला वाकली. अप्पांनी तिला धरलं, उठवलं, आणि काहीच कबूल न करता दुकानात येऊन बसले. बाजार उतरणीला लागला होता. पालं सुटत होती, वांग्या-टोमॅटोचे ढीग स्वस्तात ओरडून विकले जात होते. अप्पांच्या मनात दोन्ही बाजूंनी सारखीच ओढ चालली होती. देवाचा म्हटलं तर शिवकांताचा विशू राहतो, पण मग त्या बाजेवरच्या म्हाताऱ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? इतकी वर्षं आपण ज्याची वाट बघत वस्त्या तुडवल्या, सह्या गोळा केल्या, साहेबांपुढं उभे राहिलो, तो माझं म्हणणारा माणूस आज आपणच व्हायचं की नाही? आणि या सगळ्या मोठ्या विचारांच्या खाली आणखी एक अगदी लहान, केविलवाणी गोष्ट होती, ती त्यांनी स्वतःपासूनही लपवली नाही. बसव्याला गाडीत चढवलेलं त्यांना बघवणार नव्हतं. एकदा विशूला गाडीतून नेलेलं त्यांनी बघितलं होतं. ते परत होणे नाही.

गाडी आली ती लिंबापाशी उभी राहिली. आत आधीच चार-सहा जनावरं होती, बहुतेक जर्सी गोऱ्हीच, बरगड्या निघालेली. अंगद आणि त्याचे दोन सोबती दोर घेऊन उतरले आणि तेवढ्यात गलका झाला. तानाजी आला होता. तो गावातला पुढारी. निवडणूक जवळ आली की त्याला गावाचा फार पुळका यायचा. मागं वीस-पंचवीस पोरं. "कोण हात लावतंय बे बसव्याला?" तो ओरडला, "देवाचं जनावर हाय ते. मुडदे पडतील हितं!" पोरांनी घोषणा सुरू केल्या. अंगद घाबरून अप्पांकडे बघायला लागला. तानाजीनं अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "अप्पा, तुमी फकस्त मोठ्यानं म्हणा, देवाचा हाय. बाकी आमी बघतो. गाडी सोडनार न्हाई गावातून." सगळी माणसं अप्पांकडे बघत होती. पालं सोडणारे, भाजीवाल्या, सकाळी दावं नेलेली ती बाईसुद्धा. बसवा आपला शांत उभा. एवढी माणसं आपल्यासाठी जमली याचं त्याला काही विशेष वाटलं नसावं, कारण माणसं त्याच्याभोवती नेहमीच जमायची.

"माझा हाय," अप्पा म्हणाले.

आवाज फुटलाच नाही नीट. तानाजी म्हणाला, "काय म्हणलाव?" अप्पांनी घसा खाकरला. तोंडात लोखंडाची चव होती. "माझा हाय त्यो. मी सोडलाय. इतके साल मी त्याला रस्त्यावर सोडलाय, रस्त्यावर बसतोय त्यो, आन् कुणी त्याला धडकून मेलं आस्तं तर मी बी देवाचाच म्हणून मोकळा झालो आस्तो. अंगद, मार बिल्ला. जी काय केस आसंल ती माझ्यावर कर."

घोषणा आपोआप थांबल्या. "कामातून घालवलंत अप्पा," तानाजी हळूच म्हणाला, पाय आपटत निघून गेला, आणि त्याच्यामागं पोरंही पांगली. अंगदनं पक्कड दाबली. बसव्यानं मान झटकली, रक्ताचा एक थेंब कानावरून ओघळला. धन्याचं जनावर बांधूनच ठेवायचं, मोकळं दिसलं तर पुन्हा गुन्हा, हे अंगदनं सांगितलं. सांगताना तो लाजत होता. अप्पांनी दुकानातलं एक नवं दावं काढलं. सोडल्यापासून गळ्यात दोर न पडलेलं हे जनावर उसळेल, ओढाताण होईल, असं सगळ्यांना वाटत होतं. अप्पांनी नेहमीसारखा हात पुढं केला. बसव्याला वाटलं गूळ. त्यानं मान खाली घातली आणि अप्पांनी दावं त्याच्या गळ्यात टाकलं. तो उसळला नाही. विश्वासानं रिकामा तळहात चाटत राहिला. अप्पांना तिथंच मरून जावंसं वाटलं.

गल्लीतून नेताना माणसं बाजूला होत होती. सकाळपर्यंत त्याच्या कपाळाला हात लावणाऱ्या बायांनी कोणाचंही जनावर जाताना सरकतात तसं अंग चोरून घेतलं. शिवकांता मागच्या दारात उभी होती. तिनं दावं बघितलं, कानातला पिवळा बिल्ला बघितला. "काय म्हणलाव तुमी त्यांना?" अप्पांना तिच्याकडे बघवेना. "आपला हाय म्हणलं," ते म्हणाले. ती वळली. घरात गेली, दुपारची उरलेली भाकरी घेऊन आली, डोक्यावर पदर घेतला नाही, हातानं चारली नाही. बैलापुढं टाकतात तशी भाकरी जमिनीवर टाकली आणि आत निघून गेली. बसव्यानं भाकरी हुंगली आणि ती न खाता दाराकडे बघत राहिला. अप्पा पहारीनं खुंटा रोवायला लागले. तेवढ्यात आतून आवाज आला. पहिल्यांदा त्यांना तो माणसाचा वाटलाच नाही. मग हंबरडा आला, त्याच्यावर दुसरा, आणि मग शिवकांता छाती बडवून, नाव घेऊन, लेकराचे लहानपणापासूनचे लाड सांगत रडायला लागली. घरातलं माणूस गेलं की मराठवाड्यातल्या बाया जशा रडतात तशी, इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं एकदम सोडून. भिंतींतून ते रडणं गल्लीत गेलं. दारं उघडली, भांडी टाकून बाया धावल्या. पलीकडची मंजुळाबाई ओल्या हातांनीच परसदारी आली. अप्पांना पहार धरून उभे पाहून ती जागीच थबकली. "आगं बया! अप्पा, काय झालं? कोण गेलं वो?"

अप्पांनी पहार खाली ठेवली. 

"आमचा विशू," ते म्हणाले. "आमचा विशू गेला, मंजुळाबाई."